इझोलातोर, अर्थ दुसरा

१५ जानेवारी, मंगळवार

ही वही आईने दिली, पहिल्या पानावर माझं नाव घालून: हर्मिना रुतार. म्हणाली, "तू दिवसभर शब्दांबद्दल बोलतेस. इथे माणसांबद्दल लिही."

माणसं म्हणजे आई, मी, आणि मंगळवारची समिती. मी तंत्रशब्दकोशाच्या कचेरीत भाषा बघते. सध्या विजेचा खंड चालू आहे. समितीत पाच इंजिनियर आहेत. ते अर्थ सांगतात, मी तो आपल्या भाषेत नीट बसवते आणि स्वल्पविराम घालते. माझ्या माघारी ते मला 'स्वल्पविराम' म्हणतात हे मला माहीत आहे. मला ते आवडत नाही, पण चुकीचंही म्हणता येत नाही.

आज 'इझोलातोर' आला. प्रोफेसर ओझबोल्ट पाइप झटकत म्हणाले, "तारेच्या खांबावरची चिनीमातीची वाटी. विजेला अडवते. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पुढचा शब्द घ्या."

हा शब्द मला एका परदेशी पुस्तकात भलत्याच ठिकाणी दिसला होता, जिथे चिनीमातीचा काही संबंधच नव्हता. मी विचारणार होते. तोवर पुढच्या शब्दावर भांडण सुरू झालं. मग राहिलं. या अक्षरापर्यंतची कच्ची पुस्तिका पुढच्या आठवड्यात सगळ्या खात्यांना जाईल.

घरी आल्यावर आईने विचारलं, "आज काय बोललीस?"

"काही नाही."

"तेच लिही."

७ फेब्रुवारी, गुरुवार

आज कचेरीत एक माणूस माझ्यावर ओरडला.

पाठीवर पिशवी, बुटांवर बर्फ, दाढी दोन दिवसांची. त्याने पिशवीतून कोबीच्या गड्ड्याएवढा चिनीमातीचा इझोलातोर काढला आणि माझ्या कागदांवर ठेवला.

"हा तुमचा," तो म्हणाला.

"माझा नाही."

"तुमच्या पुस्तकात असा लिहिलाय, म्हणजे तुमचाच. असे अजून पुष्कळ माझ्या डोंगरावर पडलेत. बर्फात. कोंबड्यांना पाणी पाजायला घेणार का?"

नाव त्सिरिल लेबान. रावनिकच्या डोंगरावर टीव्हीचं जे पुनःप्रक्षेपण केंद्र आहे, तिथला प्रमुख. इथून, ल्युब्लियानाहून, येणारं चित्र झेलायचं आणि पलीकडच्या दरीत पाठवायचं, हे त्याचं काम. यंत्रातला एक भाग तडकला म्हणून त्याने शरद ऋतूतच नवे मागितले होते. त्या भागालाही इझोलातोर म्हणतात. खरेदी विभागाला काय मागितलंय ते कळेना, म्हणून अर्ज पडून होता. तेवढ्यात आमची पुस्तिका पोचली. त्यांनी शब्द उघडून पाहिला, गोदामातून चिनीमातीचे इझोलातोर काढले आणि दोरीवरच्या मालवाहू पाळण्यातून वर धाडून दिले. सहीसाठी माणूसही पाठवला.

तो बराच वेळ ओरडत होता. मार्चमध्ये प्लानिकाच्या टेकडीवर स्कीवरच्या उड्यांची स्पर्धा आहे, दरीतलं झाडून सगळं गाव खानावळीत टीव्हीसमोर बसणार, आणि चित्र असंच नाचत राहिलं तर लोक आपल्याला सोचा नदीत बुडवतील, वगैरे. मला राग आला नाही. ओरडताना तो वाक्यं पूर्ण करतो, हे माझ्या लक्षात आलं. फार कमी लोक करतात. मी लिंडनच्या फुलांचा चहा केला आणि त्याच्यापुढे ठेवला. तो मधेच थांबला.

"तुम्ही काही बोलत का नाही?"

"तुम्ही मघाशी म्हणालात, 'परत येते'. काय परत येतं?"

तो खुर्चीत बसला. चिनीमातीचा इझोलातोर उचलून त्याने जमिनीवर ठेवला आणि सांगायला लागला.

यंत्रातून लहर निघते, ती अँटेनाकडे जाते. अँटेनावर बर्फ धरलेला असला की सगळीच लहर बाहेर पडत नाही. थोडी उलटी फिरते आणि यंत्राकडे परत येते. यंत्राला आपलंच बोलणं उलटून ऐकू येतं आणि ते बिथरतं, मग चित्र हलतं. म्हणून यंत्र आणि अँटेना यांच्यामध्ये हा भाग बसवतात. जाणाऱ्या लहरीला तो जाऊ देतो. परत येणारीला येऊ देत नाही.

"म्हणजे सायकलच्या ट्यूबची झडप," मी म्हटलं.

"रशियन लोक तेच म्हणतात. आणि तेही चुकतात," तो म्हणाला. घड्याळ पाहून तो उठला. "मला दंतवैद्याकडे जायचंय. पुढच्या गुरुवारी पुन्हा यायचंच आहे. तेव्हा सांगतो."

चिनीमातीचा गड्डा इथेच विसरला.

८ फेब्रुवारी

दिवसभर व्याख्या लिहीत बसले. झडप नाही तर काय? जमली नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

लेबान आले. आज दाढी केली होती, दंतवैद्याकडे जायचं म्हणून असेल. खरा इझोलातोरही दाखवायला आणला होता, जुना, तडकलेला. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा धातूचा डबा. दोन्ही टोकं उघडी, आत काळा दगडासारखा तुकडा आणि बाहेरून लोहचुंबक.

"झडप का नाही ते सांगतो," ते म्हणाले. "झडप परत येणाऱ्याला अडवते. बरोबर? पण लहर अडवली तर ती तिथून उलटते आणि पुन्हा अँटेनाकडे जाते. तिथून परत इकडे. दोन भिंतींमधला चेंडू. अडवून उपयोग नाही. हा अडवत नाही. हा परत आलेलं स्वतःत घेतो आणि संपवून टाकतो."

"कुठे जातं ते?"

"ऊब होते. थोडीशी."

मी लिहिलं, 'शोषून घेतो'. त्यांनी वाचलं आणि मान हलवली. मग म्हणाले, "हे आधी कोणी मला विचारलंच नव्हतं. लोक विचारतात, चित्र कधी येणार."

आईने आज सांगून ठेवलं होतं की त्या ओरडणाऱ्याला बघायचंय. तिला कचेरीत येणं शक्य नाही, म्हणून मी त्यांना जेवायला घेऊन आले. दंतवैद्याला वेळ होता म्हणे. आईने जोटा केला होता, आंबवलेल्या कोबीचा आणि राजम्याचा. ती कार्स्ट भागातली आहे, जोटा ढवळताना कोणाशीही बोलते आणि काहीही विचारते.

"बायको आहे?"

"होती. वारली, आजी. बरीच वर्षं झाली."

"आणि जेवण कोण करतं?"

"योश्को. माझा तंत्रज्ञ. तो सगळ्यात बटाटे घालतो."

"अगदी सगळ्यात?"

"कॉफी सोडून."

आई हसली. पुन्हा वाढलं. जेवणानंतर तिने अक्रोड ठेवले आणि अडकित्ता शोधायला उठली. ती येईपर्यंत त्यांनी दोन अक्रोड दातांनी फोडलेसुद्धा.

जाताना तो डबा मला अभ्यासाला ठेवून गेले. "घड्याळाजवळ ठेवू नका," असं म्हणाले होते.

१५ फेब्रुवारी

घड्याळाजवळच ठेवला. घड्याळ मागे पडतंय.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

घड्याळ लेबान घेऊन गेले. चुंबक उतरवायचं यंत्र वर आहे, पुढच्या गुरुवारी परत देतील. त्यांच्या दातांचं काम फारच लांबलेलं दिसतंय. मी विचारलं दुखतं का. म्हणाले, "मधूनमधून."

खरं काम वेगळंच अडलंय. आज त्यांच्याबरोबर खरेदी विभागात गेले. तिथले झोर्मान म्हणून गृहस्थ आहेत, मोठे सभ्य. भाग सीमेपलीकडे इटलीतच मिळतात, पंधरा दिवसांत येतील. पण झोर्मान म्हणाले, "बाई, माझ्याकडे तुमचीच पुस्तिका आहे. त्यात इझोलातोर म्हणजे चिनीमातीचा. तो आम्ही दिला. आता त्याच नावाची दुसरी वस्तू परदेशातून मागवली तर जकातवाले मला विचारतील, आधीची कुठे गेली?"

"पण ती दुसरी वस्तू आहे."

"मग दुसरा अर्थ छापून आणा, समितीच्या शिक्क्याचा. मी त्याच दिवशी मागवतो."

बाहेर आल्यावर लेबान पुलावर उभे राहून नदी बघत होते. मग म्हणाले, "राहू द्या. मी अँटेनावर चढून बर्फ खरवडत बसेन. दर तासाला कोणीतरी चढायचं."

"या वाऱ्यात?"

"योश्को हलका आहे, उडून जाईल. मीच चढेन."

समिती 'न'वर पोचली आहे. शेवटच्या उजळणीआधी ती मागच्या अक्षरावर कधीच येत नाही. तसा नियम आहे, आणि तो मीच सुचवला होता.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

मी बोलले.

'निर्वात नळी' झाल्यावर प्रोफेसर ओझबोल्ट वही मिटत होते, तेव्हा मी म्हटलं, "मला 'इझोलातोर'वर परत जायचंय." कोणीतरी हसलं. ओझबोल्टनी चष्म्यावरून पाहिलं.

"तो झाला, रुतारबाई."

"अर्धा झाला."

मी उभी राहून सांगितलं. यंत्र, अँटेना, बर्फ, उलटणारी लहर.  ओझबोल्ट वाईट माणूस नाही. त्यांचा विषय मोठमोठ्या विजेच्या तारा आहे, त्यांनी हा भाग कधी हातात धरला नसेल. ते म्हणाले, "बरं. म्हणजे झडप. 'लहरझडप' लिहा आणि घरी चला."

"झडप नाही."

"का नाही?"

"झडप अडवते. अडवलेली लहर पुन्हा उलटते. हा अडवत नाही, शोषून घेतो. त्याची ऊब होते."

"मग त्याला शेगडी म्हणू या का?"

सगळे हसले. मलाही हसू आलं. मी म्हटलं, "शेगडी म्हटलं तर खरेदी विभाग शेगडी पाठवेल. रावनिकवर आधीच चिनीमातीच्या वाट्यांचा ढीग पडलाय."

ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती. मी सांगितली तेव्हा ओझबोल्ट हसले नाहीत. पाइप खाली ठेवून म्हणाले, "आपल्या पुस्तिकेमुळे?"

"हो."

मग तासभर नवीन नाव शोधत बसलो. 'एकमार्गी' आला, 'परतगिळ्या' आला, 'लहरशोष' आला तेव्हा दोघांना खोकला आठवला. शेवटी जुनंच नाव ठेवून दुसरा अर्थ जोडायचं ठरलं. मी लिहिलं ते जसंच्या तसं मंजूर झालं:

*इझोलातोर, २. (सूक्ष्मलहरी) लहरीला एका दिशेने जवळजवळ विनाअडथळा जाऊ देणारा, आणि उलट दिशेने आलेली लहर स्वतःत शोषून घेऊन उगमाला तिच्यापासून जपणारा भाग.*

'जपणारा' हा शब्द तांत्रिक नाही असं एकजण म्हणाला. ओझबोल्ट म्हणाले, "राहू द्या. बरोबर आहे."

संध्याकाळी केंद्रावर फोन केला. व्याख्या वाचून दाखवली.  

"पुन्हा वाचता?" लेबान म्हणाले.

पुन्हा वाचली.

७ मार्च, गुरुवार

उद्या महिला दिन. कचेरीत प्रत्येकीला एकेक कार्नेशन मिळतं, दरवर्षी. लेबान उद्या वर असणार म्हणून आजच फुलं घेऊन आले, बर्फातून उगवतात ती पांढरी, मुळांवरच्या मातीसकट, जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळलेली. केंद्राच्या मागे पुष्कळ उगवतात, असं म्हणाले. तिथे तशीही वायाच जात असतील.

घड्याळ दुरुस्त झालं. पट्टाही नवा घातलाय. बहुधा जुना चुंबकाने खराब झाला.

आईने फुलं कुंडीत लावली आणि मला विचारलं, "मिना, तू किती वर्षांची?"

"एकोणपन्नास. तुला माहीत नाही का?"

"माहीत होतं. खात्री करून घेतली."

१५ मार्च, शुक्रवार

भाग काल उशिरा आले आणि रावनिकचा रस्ता हिमस्खलनाने बंद. लेबान खाली येऊ शकत नाहीत, खात्याची गाडी वर जाऊ शकत नाही. झोर्माननी फोन करून विचारलं की सोमवारी पाठवले तर चालतील का. उड्या रविवारी.

मी म्हटलं, मी नेते.

का म्हटलं ते माहीत नाही. बोहिनच्या बोगद्यातून जाणारी आगगाडी चालू आहे, पुढे बस आहे, आणि बसच्या शेवटच्या थांब्यापासून मालवाहू पाळणा. एवढं सगळं मला कसं माहीत? लेबान सांगत असतात.

आईने विरोध केला नाही. अक्रोडाची पोतित्सा, म्हणजे सारण भरून गुंडाळलेला गोड पाव, भाजून अख्खी बांधून दिली आणि म्हणाली, "घड्याळ पिशवीत ठेवू नकोस, हातात ठेव."

१६ मार्च, शनिवार. रावनिक

पाळण्यात माणसांनी बसायची मनाई आहे. पाटीच लावलीय. खाली पाळणा चालवणाऱ्याने पाटीवर कोट टांगला आणि मला आत बसवलं. चार इझोलातोर मांडीवर, पोतित्सा पायाशी. खाली बघितलं नाही.

वर लेबान आणि योश्को वाट बघत होते. लेबाननी मला पाळण्यातून उतरवलं आणि रागावले, "डबे पाठवायचे होते, तुम्ही कशाला बसलात?" मी म्हटलं डब्यांना उलटंसुलटं कळत नाही, कोणीतरी धरायला हवं. योश्को म्हणजे शिडशिडीत तरुण, सारखा शिट्टी वाजवणारा. तो माझ्याकडे असा बघत होता, जसं एखाद्या गावाचं नुसतं नाव ऐकलं असावं आणि आज ते गाव बघायला मिळावं.

बटाट्याचं जेवण. खरोखर सगळ्यात बटाटे होते.

१७ मार्च, रविवार

हे लिहायला नको वाटतंय, तरी लिहिते.

सकाळी भाग बसवले. लेबान एकेक स्क्रू आवळत होते आणि मी कंदील धरला होता. अँटेनावर बोटभर बर्फ होता. यंत्र सुरू केलं आणि छोट्या पडद्यावर प्लानिकाची टेकडी दिसली, स्थिर. पहिला गडी सुटला, हवेत गेला आणि एका रेषेत खाली आला. चित्र हललं नाही. दरीतल्या खानावळवालीचा फोन आला, मागे एवढा गलबला होता की ती काय म्हणते ते कळेना. लेबाननी फोन माझ्या कानाला लावला. "ऐका," ते म्हणाले. "ही तुमची व्याख्या."

इतका चांगला दिवस माझ्या आयुष्यात बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

मग आतल्या खोलीतून योश्को ओरडला, "साहेब, दोन नंबरची हर्मिना कोमट आहे."

मी म्हटलं, "मी बरी आहे."

योश्को दारात आला आणि तिथेच उभा राहिला. लेबानचे कान लाल झाले. मला कळायला थोडा वेळ लागला. ते त्या भागाला हर्मिना म्हणत होते. एक नंबरची हर्मिना, दोन नंबरची हर्मिना. डब्यांवर रंगाने 'ह' लिहिलेलंही दिसलं.

मला समितीतला 'स्वल्पविराम' आठवला. दाराआड होणारं ते हसणं. मला वाटलं होतं इथे तसं नाही.

मी म्हटलं, "माझं नाव कशालाही देण्याआधी मला विचारायला हवं होतं. ते काढून टाका."

योश्को काहीतरी बोलणार होता. लेबाननी त्याला हाताने थांबवलं. "हो," ते मला म्हणाले. "माझी चूक. काढतो."

त्यानंतर उड्या बघितल्या, पण कोण जिंकलं ते आठवत नाही. निघण्याआधी मी त्या दोन नंबरच्या डब्याला हात लावून पाहिला. मला तरी कोमट लागला नाही.

४ एप्रिल, गुरुवार

लेबान आले नाहीत. मागच्या गुरुवारीही नाही, आणि त्याच्या आधीच्याही. भाग बसले, व्याख्या झाली, आता यायचं कारणही नाही. समिती 'प'वर आहे. काम पुष्कळ आहे.

आई म्हणाली, "त्याच्या दातांचं काय झालं?"

"बरे झाले असतील."

"मिना, त्या माणसाने माझ्या टेबलावर बसून अक्रोड दातांनी फोडले."

"मग?"

"मग काही नाही. लिही तुझ्या वहीत."

तिला काय म्हणायचं होतं कळलं नाही. अक्रोड दातांनी फोडू नयेत हे खरं. म्हणूनच त्यांच्यावर एवढ्या वेळा दंतवैद्याकडे जायची पाळी आली असेल.

१५ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

हॅम, किसलेला मुळा, रंगवलेली अंडी. दोघींना फार झालं. आईने तीन ताटं मांडली होती. विचारलं तर म्हणाली सवयीने. आमच्याकडे तीन ताटांची सवय कधीच नव्हती.

पांढऱ्या फुलांना नवी पानं आलीत. मी पाणी घालते. दुसऱ्या कुंड्यांना आईच घालते.

कबूल करायला हरकत नाही. गुरुवार लांबलचक वाटतो.

२३ एप्रिल, मंगळवार

खंड छापायला जायच्या आधीची शेवटची उजळणी. 'इझोलातोर, २' वाचून ओझबोल्ट म्हणाले, "रुतारबाई, व्याख्या उत्तम. पण वापरणारे लोक बोलताना काय म्हणतात, तेही नोंदवायचं, असा तुमचाच आग्रह असतो. इथे रकाना रिकामा आहे."

मी म्हटलं, बघते.

फोन केला. योश्कोने उचलला. मी कोरड्या आवाजात विचारलं, सध्या तुम्ही त्या भागाला काय म्हणता.

"काही म्हणत नाही, बाई. बंदी आहे. 'ते' म्हणतो. 'ते दोन नंबरचं ते.' काल त्यामुळे चुकीचं झाकण उघडलं मी."

"बंदी कोणी घातली?"

"साहेबांनी. तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी 'ह' खरवडून काढले. स्वतः बसून." तो थांबला. शिट्टीचा एक तुकडा वाजला. "बाई, रागावणार नसाल तर सांगतो. नाव साहेबांनी नव्हतं ठेवलं. मी ठेवलं."

"तुम्ही?"

"फेब्रुवारीत. ते तुमच्यावर ओरडायला खाली गेले ना, ते गाणं गुणगुणत वर आले. मी म्हटलं, बाईंना झापलं का? म्हणाले, 'खूप ओरडलो. उलटून एक शब्द आला नाही. चहा आला. आणि मग तिने असा प्रश्न विचारला की मीच शांत झालो.' मी म्हटलं, साहेब, हाच तर आपला हरवलेला भाग. तेव्हापासून हर्मिना. त्यांनी फक्त नको म्हटलं नाही."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"टिंगल म्हणून कोण ठेवेल, बाई? ती नसली की आमचं सगळं बिथरतं."

"मग त्यांनी 'माझी चूक' का म्हटलं?"

"ते तसेच आहेत."

मी विचारलं साहेब कुठे आहेत. अँटेनावर चढलेत, योश्को म्हणाला, बर्फ नाहीये तरी चढतात हल्ली. मी म्हटलं, उतरले की सांगा, बोलणाऱ्यांच्या शब्दावर कोणालाही बंदी घालता येत नाही. प्रमुखालाही नाही. आमच्या कचेरीचा तसा नियम आहे.

"बरं. अजून काही सांगू?"

"गुरुवारी आई जोटा करणार आहे, म्हणावं."

आईला मी अजून विचारलेलं नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

आले. बाहेरगावी जाताना घालायचा कोट घालून आले. जिन्यात उभे राहिले आणि आत यायचं विसरले. मीही या म्हणायचं विसरले. आम्ही जिन्यातच बोलत राहिलो, आजच्या हवेबद्दल, मग पाळण्याच्या दोरीबद्दल.

आई आतून म्हणाली, "दात कसे आहेत, इंजिनियर?"

त्यांनी माझ्याकडे बघून उत्तर दिलं, "दात उत्तम आहेत, आजी. कधीच दुखले नाहीत."

"मला माहीत होतं. तिला सांगा."

मला तेव्हा कळलं. जोटा गार झाला. आईने पुन्हा तापवला आणि एक शब्दही बोलली नाही, हे तिच्यासाठी फार कठीण असणार.

१९ मे, रविवार. आईच्या गावी

त्सिरिलच्या छोट्या गाडीतून कार्स्टला आलो. आई पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर आईची टोपली. वाटेत आईने त्याला प्रत्येक वळणावर गाडी कशी वळवायची ते सांगितलं. ती कधी गाडी चालवायला शिकलेली नाही.

दुपारी रानातल्या शतावरीचे कोवळे कोंब खुडून आणले आणि अंड्यात घालून शिजवले. आईने तेरानची, तिकडच्या लाल वाइनची, बाटली उघडली, तिघांचे पेले भरले आणि म्हणाली, "हे 'अहो-जाहो' ऐकून माझे कान दुखायला लागले. दोघंही पन्नाशीचे झालात, आता पुरे."

आमच्याकडे पद्धत अशी की बाईनेच आधी 'तू' म्हणायचं. पेले वाजवले, प्यालो. दोघंही माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं.

"तू," मी म्हटलं, आणि पुढे काय ते सुचेना. जन्मभर वाक्यं जुळवून देणारी बाई मी, आणि एका शब्दापुढे जाता येईना. बाहेर कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता. त्सिरिल थांबला होता. त्याला अजिबात घाई नव्हती.

"तू मीठ दे," मी म्हटलं.

त्याने मिठाचं भांडं माझ्यासमोर ठेवलं आणि हात तिथेच राहू दिला. मी भांडं घेण्याऐवजी हात धरला. मग एका हाताने मीठ घातलं, न बघता, ते फार पडलं.

सगळ्यांनी खाल्लं. आईने तर पुन्हा मागून घेतलं.